पुढं काय होणार, ते त्याला आधी सांगा

माझा नातू पाच वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. पेठेत राहायचं म्हणजे आवाज आलाच. तालमीचे ढोल, वराती, फुटबॉलचा सामना जिंकला की फटाके. आमच्या कानावरून जातं ते त्याच्या थेट अंगावर येतं. म्हणून घरात अचानक काही करायचं नाही, हे ठरलेलं. आज्जी मिक्सर लावायच्या आधी त्याला भांडं दाखवते, "आता घर्रर्र होणार" म्हणते. तो आपण होऊन हेडफोन चढवतो, मग बटण. कुकरच्या शिट्ट्या तो मोजतो. किती होणार हे आधी सांगितलेलं असतं, त्यामुळं तिसरी झाली की मान हलवून खेळायला जातो. विसर्जनाच्या मिरवणुकीला तर आम्ही त्याला घेऊन कागलला पाहुण्यांकडंच जातो.

फ्रिजच्या दारावर दिवसाची चित्रं लावलीत: आंघोळ, डोसा, चप्पल, रिक्षा, थेरपीच्या बाईंचा फोटो, परत घर. झालेलं चित्र तो स्वतः काढून डब्यात टाकतो. बेत बदलला तर आधी चित्र बदलायचं, मगच उंबरा ओलांडायचा.

बोलतो कमी, ऐकलेली वाक्यं परत म्हणतो. केएमटी बसच्या कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं सरका" त्यानं उचललंय. महाद्वार रोडवर गर्दी अंगाला लागायला लागली की हेच सुरू होतं. लोक कौतुकानं हसतात. त्याला तिथून निघायचंय हे आम्हाला कळतं, आणि आम्ही निघतो. खरेदी राहिली तर राहिली.

जेवणात आमटी भाताला लागली की ताट सरकवतो. मग दोन वाट्या. नवा पदार्थ शेजारी नुसता ठेवायचा, आग्रह करायचा नाही.

"लाडानं बिघडवलाय" म्हणणारे भेटतात. हट्ट करणारं पोर मधूनच बघतं, कुणाचं लक्ष आहे का. याचा तोल गेला की समोर कोण उभं आहे तेही त्याला उमगत नाही. अशा वेळी समजावू नका, दरडावू तर अजिबात नका. दिवा बंद करा, माणसं पांगवा, शेजारी गप्प बसा. ओसरायला लागेल तेवढा वेळ लागू दे.

आणखी एक, कारण थेरपीचा खर्च घराला जड जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जरूर काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीच्या खर्चालाही त्यातून हातभार लागतो. फक्त कागदांसाठी पोराला रांगेत ताटकळत ठेवू नका. घरातल्या एकानं रांग धरावी, दुसऱ्यानं त्याला बाहेर फिरवावं, नंबर जवळ आला की फोन करावा.