आधी टबातलं पाणी काढा

नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच बाहेर पडू लागल्या होत्या. बेलापूरच्या दिवाळ्यातून फोन आला: उरणच्या बाजूला वाहत आलेल्या जाळ्याच्या गुंत्यात कासव मिळालंय, जिवंत आहे, पाणी भरलेल्या टबात ठेवलंय. पहिलं पाणी काढायला सांगितलं. कासवाला कल्ले नसतात. दमलेल्याला मान वर काढता आली नाही की ते वीतभर पाण्यातही बुडतं. ओलं गोणपाट पाठीवर, नाकपुड्या मोकळ्या, उताणं करायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, त्यामुळे वन विभागाला १९२६ वर कळवूनच गाडी काढली.

ऑलिव्ह रिडले, मादी. कवच ६२ सेंमी, वजन अवघं २४ किलो. एवढ्या कवचाला ३५ च्या आसपास हवं. पोटाकडची बाजू खपाटीला गेलेली. डाव्या पुढच्या फ्लिपरभोवती, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाभोवती, तंगुसाचे (नायलॉनच्या दोऱ्याचे) सात-आठ वेढे मांसात रुतलेले. सुरीनं ओढून कापलं तर रक्तवाहिनी जाते, म्हणून बोथट टोकाच्या कात्रीनं, सलाइन सोडत एकेक वेढा सोडवला. टोकाला सुई टोचली; रक्त उशिरा आलं, पण आलं. फ्लिपर कापायचा विषय तिथेच थांबवला. मेलेलं मांस कुठवर आहे ते स्पष्ट व्हायला आठवडे लागतात.

पहिला दिवस फोमवर, कोरड्यात. मान-खांद्याच्या खोबणीत सुईनं कोमट सलाइन २४० मिली, म्हणजे वजनाच्या १ टक्का. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक किलोला २० मिग्रॅ, एकूण ४८०, दर ७२ तासांनी. कुत्र्यामांजरांना रोज डोस देणाऱ्यांना हे अंतर खटकतं, पण सरपटणाऱ्यांचं शरीर औषध सावकाश संपवतं. सुई धडाच्या पुढच्या भागातच, इथे उजव्या खांद्यात.

मग टाकी. खाडी शेजारी असून तिचं पाणी चालत नाही. पावसाळ्यात ते गोडसर होतं, वर शहराचं सांडपाणी. १००० लिटरला आयोडीन नसलेलं जाडं मीठ ३० किलो, खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजून.

पाण्यात सोडल्यावर डावी बाजू वर, बुडी मारता येईना. तरंगतंय म्हणजे बरं आहे, असं बघ्यांना वाटतं. खरं तर आतड्यात वायू अडकला होता. नवव्या दिवशी विष्ठेतून पावाच्या पिशवीचा तुकडा आणि जाळ्याचे धागे पडले, तेव्हा कुठे ती सरळ झाली. त्यानंतर माकुल, पुढे बांगडा, रोज साधारण अर्धा किलो. फ्रीझरमधल्या मासळीत ब१ जीवनसत्त्व टिकत नाही, म्हणून गोळी बांगड्याच्या कल्ल्यात खुपसून.

फ्लिपरचं टोक गळालं, बाकीचा वाचला. आता तळाशी सोडलेला जिवंत खेकडा ती स्वतः पकडते. वजन २९. तेहतीस झाल्याशिवाय समुद्रात सोडायला बोटीवर चढवायची नाही.