ॲप राहू दे, आधी ट्रॉलीला ब्रेक द्या

गेल्या महिन्यात एका कृषी प्रदर्शनाला गेलतो. स्टॉलवरचा पोरगा नव्या ट्रॅक्टरचं ॲप दाखवत होता, म्हणजे डिझेल किती राहिलंय, ट्रॅक्टर कुठं उभाय, इंजिन किती तास चाललं, सगळं मोबाईलवर. भारीय, नाही म्हणत नाही. मी आपलं विचारलं, मागं ट्रॉलीला ब्रेकचं काय? तर म्हणाला, "ट्रॉली आमची नसते ओ दादा, ती तुम्ही गावात बनवून घेता."

घोडं तिथंच अडलंय. ट्रॅक्टर कंपनीचा, ट्रॉली वेल्डिंगवाल्याची, आणि दोघांच्या मधे एक पिन. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या उतारावर मागनं ढकलायला लागल्या की ट्रॅक्टरचे ब्रेक कितीही चांगले असूदेत, एकटा ट्रॅक्टर किती रेटणार? आणि चढाला उलटं, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच.

हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसानं हेच कोडं नांगराच्या बाबतीत सोडवलंवतं. तेव्हा नांगर साखळीनं नाहीतर दांड्यानं नुसता मागं ओढायचे, दगडात अडकला की ट्रॅक्टर मागं उलटायचा. त्यानं नांगर आणि ट्रॅक्टर एकच मशीन धरलं, तीन ठिकाणी जोडलं, उचलायला हायड्रोलिक दिलं. 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरला ते होतं आणि आज आपण रोटर जोडतो तो त्याच पद्धतीनं. ट्रॉलीचा असा विचार आपल्याकडं कोण करणार? युरोपात जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, ड्रायव्हरनं पेडल दाबलं की तेपण लागतात. आपल्याकडं प्रत्येक ट्रॅक्टरला मागं ब्रेकच्या पाईपचं कनेक्शन कंपनीतनंच द्या आणि ट्रॉली पास करतानाच ब्रेक बघा, एवढंच म्हणतोय.

बाकी पण आहेच. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागं अवजारं चालवायला फिरणारा दांडा) 540 आरपीएमला फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, टॉवेलचं टोक गेलं तर हात काढायला वेळच नाही, तरी त्याचं कव्हर आम्हीच पहिल्या आठवड्यात काढून गोठ्यात टाकतो (मीपण टाकलंय, खोटं कशाला बोलू). रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हर खाली चिरडू नये म्हणून लावलेली लोखंडी कमान) स्वीडनमधे नव्या ट्रॅक्टरला 1959 पासून सक्तीचाय. आपल्याच कंपन्या अमेरिकेला पाठवताना लावतात आणि इथं मडगार्डवर आपली दोन माणसं बसलेली.

परवा आमच्या गावच्या चढाला एक उसाची गाडी थांबली. ट्रॅक्टर नवाकोरा, डिजिटल मीटरवाला. आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाला लावायला एक पोरगं दगड घेऊन पळत होतं.