तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं का तोडली?

भारतातून आलेल्या पाहुण्यांना गेटिसबर्गला, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या रणभूमीवर, नेलं की हा प्रश्न ठरलेला: रणभूमी जतन करता म्हणता, मग झाडं कशी तोडता? मी तिथे शनिवारी कुंपणं रचायला जाते, म्हणून मलाच विचारतात. गेल्या उन्हाळ्यात आत्यानेही विचारलं, आणि जरा रागानेच.

राग मला समजतो. ही रणभूमी आता राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच्या १९९९च्या आराखड्यात ५७६ एकरांवरची झाडी काढायची होती. पण ही झाडी लढाईनंतर माजलेली. जुलै १८६३मध्ये तिथे उघडी शेतं होती. १८६८-६९च्या सर्वेक्षणाचा नकाशा आहे, त्यात राई, बागा, कुंपणंसुद्धा दाखवलेली आहेत. त्याच आराखड्यात ११५ एकरांवर, जिथे तेव्हा राई होती तिथे, झाडं लावायचीही होती. हे कुणी विचारत नाही.

२ जुलैला उत्तरेच्या सिकल्स नावाच्या सेनापतीने हुकूम नसताना आपली फौज पुढे पीचच्या बागेपर्यंत नेली. त्यामुळे लिटल राउंड टॉप ही टेकडी उघडी पडली. त्याने असं का केलं, यावर आजही वाद आहेत. पण मधली झाडी गेल्यावर त्याच्या मूळ जागी उभं राहून पाहिलं, तर पुढची जमीन चढलेली दिसते. शत्रूने तिथे तोफा चढवल्या तर, ही त्याची धास्ती डोळ्यांना पटते. निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाही.

कुंपणांचं तर विचारूच नका. नागमोडी कुंपणाला खिळा नाही, खड्डा नाही. फाडलेले वासे कोपऱ्यात एकावर एक चढवायचे, बस. हातमोज्यातूनही कूस शिरते. असं कुंपण शिपाई चालता चालता पाडू शकतो. एमिट्सबर्ग रस्त्याकडेचं कुंपण मात्र खांब पुरून, खाचांत वासे अडकवून केलेलं. ३ जुलैला दुपारी दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक मैलभर उघड्यावर चालून आले आणि रस्त्याशी अडले. ते कुंपण पाडता येईना, चढावंच लागलं, समोरच्या दगडी भिंतीआडून गोळ्या सुरू असताना. माझ्या मते त्या दुपारचा निकाल समजायला हे वासे पुस्तकांहून जास्त कामाचे आहेत.

पानिपतला मी काला आंबच्या स्मारकापाशी तासभर उभी होते. भाऊसाहेबांची फौज कुठून कुठे गेली असेल, काही केल्या डोळ्यांसमोर आलं नाही. रणभूमी तेव्हा होती तशी दिसायला हवी, हे तेव्हापासून मनात आहे.

आत्याला त्या रस्त्यावर नेलं. तिने सगळ्यात वरच्या वाशावर हात ठेवला, पलीकडच्या दगडी भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "पोरं केवढी होती गं ही?" विशीतली होती बरीचशी, मी सांगितलं. ती बराच वेळ हात काढेना.