एका संघाची तीन मैदानं: मँचेस्टरच्या बेल व्ह्यूत एक दिवस

मँचेस्टरला गेलेला मराठी माणूस हमखास ओल्ड ट्रॅफर्डला जातो. क्रिकेटचं असो की फुटबॉलचं, दोन्ही मैदानं एकाच नावाने ओळखली जातात आणि एकमेकांपासून पायी जाण्याइतकी जवळ आहेत. मी मात्र त्या दिवशी शहराच्या पूर्वेला, गॉर्टनकडे निघाले. मला बेल व्ह्यू एसेस बघायचे होते. मोटरसायकल स्पीडवेच्या या संघाला शंभर वर्षं व्हायला आता थोडीच उरलीत, आणि या सगळ्या काळात त्याने तीन मैदानं बदलली तरी मोहल्ला सोडला नाही. तिन्ही जागा एका दुपारी चालत बघून होतात.

स्पीडवे आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून आधी तो काय ते सांगते. पाचशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, टाकीत मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीत. काढून टाकलेले नव्हेत, मुळात बसवतच नाहीत. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या. मिनिटभरात खेळ संपतो. वळणावर मागचं चाक बाहेर फेकून गाडी आडवी घसरवत न्यायची. वळण डावीकडे असतं आणि पुढचं चाक मात्र उजवीकडे वळवलेलं दिसतं. प्रत्येक शर्यतीत, म्हणजे हीटमध्ये, दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. अशा पंधरा हीट्स झाल्या की सामना संपला.

मँचेस्टर पिकॅडिलीहून लोकल गाडीने बेल व्ह्यू नावाच्याच छोट्या स्टेशनवर उतरता येतं. हा सगळा कामगारांचा भाग. याच गॉर्टनमध्ये बायर पीकॉक ही रेल्वे इंजिनांची कंपनी होती. आपल्या बंगाल नागपूर रेल्वेवर धावलेली अजस्र गॅरट इंजिनं इथेच घडली. कारखाना १९६६ साली बंद पडला. पण ज्या काळात तो जोरात होता, त्याच काळात शनिवारी संध्याकाळी स्पीडवेला जायचा इथल्या कामगारांचा शिरस्ता पडला.

तो पडला तो एका प्राणिसंग्रहालयामुळे. जॉन जेनिसन नावाच्या माणसाने १८३६ साली इथे बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालय आणि बाग सुरू केली. पुढे तिथे नाचघर, जत्रा, आतषबाजी असं काय काय येत गेलं. इथला एक हत्ती तर फार गाजला. नाव होतं महाराजा. १८७२ साली एडिंबराच्या लिलावात तो विकत घेतला, रेल्वेच्या डब्यात चढवला, तर त्याने डब्याचीच नासधूस केली. शेवटी माहुताबरोबर दहा दिवस चालत तो मँचेस्टरला आला. त्याचा सांगाडा मँचेस्टर म्युझियममध्ये अजून उभा आहे. विषयाशी संबंध नसला तरी तो बघून या, अशी माझी आग्रहाची विनंती.

आता मोटरसायकली. इंग्लंडातला पहिला स्पीडवे सामना म्हणून लंडनजवळच्या हाय बीचचं नाव घेतात, फेब्रुवारी १९२८. पण इथून हाकेच्या अंतरावर ड्रॉइल्सडेन आहे, तिथे जून १९२७ मध्येच मातीच्या ट्रॅकवर शर्यती झाल्या होत्या. मँचेस्टरच्या लोकांना हे विसरलं गेल्याचा राग आहे आणि मला तो रास्त वाटतो.

पहिली जागा कर्कमनशुल्म लेन. १९२६ साली इथे यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या. लंबगोल ट्रॅकवरच्या तशा शर्यती ब्रिटनमध्ये प्रथम इथेच झाल्या. त्याच मैदानावर जुलै १९२८ मध्ये मोटरसायकली आल्या. गर्दी बघून प्राणिसंग्रहालयाच्या मालकांनी आपल्याच आवारात हाइड रोडला स्वतःचा ट्रॅक बांधला आणि मार्च १९२९ मध्ये तो सुरूही केला. ई. ओ. स्पेन्स हे तिथले व्यवस्थापक. त्यांच्या हाताखाली एरिक लँगटन, फ्रँक व्हेरी, मॅक्स ग्रॉसक्रॉइट्झ अशी मंडळी जमली आणि १९३३ ते १९३६ अशी सलग चार वर्षं नॅशनल लीग बेल व्ह्यूकडेच राहिली. दुसऱ्या महायुद्धात देशभरचे ट्रॅक बंद पडले, तरी हाइड रोडला शर्यती चालूच राहिल्या.

हाइड रोडच्या त्या जागेपाशी मी बराच वेळ थांबले. बघण्यासारखं तिथे काही नाही. मैदान गेलं आणि जुन्या गाड्यांच्या लिलावाचं केंद्र आलं. पण इथे पीटर क्रेव्हन गाडी चालवायचा. लिव्हरपूलचा, अंगाने लहानखुरा. त्याला लोक तोलाचा जादूगार म्हणत, कारण इतर जण एक पाय जमिनीला घासत वळण घ्यायचे तिथे हा दोन्ही पाय वर ठेवून निघून जायचा. १९५५ मध्ये तो वेम्बलीला विश्वविजेता झाला, वय २१. १९६२ मध्ये पुन्हा झाला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात एडिंबराच्या ओल्ड मेडोबँक ट्रॅकवर पुढे पडलेल्या स्वाराला वाचवायला त्याने गाडी वळवली आणि कठड्यावर आदळला. चार दिवसांनी गेला. २९ वर्षांचा होता. त्याच हंगामात बेल व्ह्यूने लीग जिंकली. पीटर क्रेव्हन मेमोरियल ट्रॉफी म्हणून त्याच्या नावाची स्पर्धा हा क्लब भरवत आला आहे.

मग आला न्यूझीलंडचा इव्हान मॉगर. १९६९ पासून चार हंगाम तो इथे होता. १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन विश्वविजेतेपदं त्याने घेतली, तेव्हा दोन अमेरिकन चाहत्यांनी शब्द पाळून त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा चढवून दिला. १९७०, ७१ आणि ७२ ला ब्रिटिश लीग बेल व्ह्यूची. तरी इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात मॉगरपेक्षा पीटर कॉलिन्स जास्त येतो. तो घरचा मुलगा, मँचेस्टरच्या परिसरातलाच, आणि पाचही भाऊ स्पीडवेवाले! १९७६ साली पोलंडमधल्या होझूवला तो विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षी मोडलेल्या पायाने उतरून त्याने दुसरा क्रमांक काढला.

प्राणिसंग्रहालय १९७७ मध्ये बंद झालं. हाइड रोडवर शेवटचा स्पीडवे सामना १ नोव्हेंबर १९८७ रोजी झाला. जागा विकली गेली. सलग अठ्ठावन्न वर्षं, युद्धातसुद्धा, जिथे माणसं येत राहिली ती जागा एका व्यवहारात गेली, हे मला पटत नाही. जमिनीचा भाव आणि मैदानाचा भाव यांत मैदान नेहमी हरतं, हे मुंबई-पुण्यात आपणही रोज बघतोच. एसेसनी मात्र हाय खाल्ली नाही. पुढच्याच हंगामात ते कर्कमनशुल्म लेनला, जिथे सुरुवात झाली त्याच कुत्र्यांच्या मैदानावर परतले. तिथे १९९३ चं विजेतेपद मिळालं आणि नंतर कितीतरी वर्षं लीगचं विजेतेपद मिळालं नाही. कुत्र्यांच्या शर्यती तिथे २०२० मध्ये थांबल्या.

तिसरी जागा म्हणजे नॅशनल स्पीडवे स्टेडियम. सुमारे ८० लाख पौंड खर्चून, मुद्दाम स्पीडवेसाठी बांधलेलं. मार्च २०१६ मध्ये पहिल्या दिवशी स्टँड भरले, आणि ट्रॅक शर्यतीयोग्य नाही म्हणून सामनाच रद्द झाला! पुढे क्लबची मालकीही बदलली. पण ट्रॅक पुढे इतका चांगला जमला की आज स्वार त्याची तारीफ करतात. लांबी ३४७ मीटर, वळणं रुंद, त्यामुळे मागून येऊन पुढच्याला गाठता येतं. २०२१ मध्ये ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स इथेच जिंकली आणि १९८९ नंतर पहिल्यांदा सांघिक विश्वविजेतेपद मिळवलं. २०२२ मध्ये शेफील्डला हरवून एसेसनी लीग घेतली. तब्बल एकोणतीस वर्षांनी.

संध्याकाळी मी त्याच स्टेडियममध्ये पिट्सच्या, म्हणजे स्वार गाड्या तयार करतात त्या जागेच्या, बाजूच्या कुंपणाशी उभी होते. एक तरुण स्वार डाव्या बुटावर पोलादी तळवा चढवत होता. पट्टा ओढला, पाय जमिनीवर दोनदा घासून बघितला, पुन्हा पट्टा एक भोक आवळला. वळणावर हाच पाय मातीवरून सरकतो. तळवा घासून घासून आरशासारखा झाला होता. ट्रॅकवर पाण्याचा टँकर फिरून गेला, मग ट्रॅक्टर माती ओढून सारखी करू लागला. आखाड्यातली माती वस्ताद जशी भिजवून, उकरून मऊ राखतात, तसंच हे काम, आणि दर थोड्या हीट्सनंतर ते पुन्हा करावं लागतं. कोरडी पडली तर धूळ, जास्त ओली झाली तर चाक रुतून स्वार खाली.

माझ्या शेजारी एक आजोबा होते. हातात कार्यक्रमपत्रिका, खिशात दोन पेनं. प्रत्येक हीटचे गुण ते स्वतः लिहीत होते, स्टेडियमचा फलक समोर असूनही. पहिल्यांदा आलेय म्हटल्यावर त्यांनी मला हेल्मेटचे रंग समजावले: लाल आणि निळं आपलं, पांढरं आणि पिवळं पाहुण्यांचं. "वडिलांच्या खांद्यावर बसून क्रेव्हन बघितलाय मी," असंही सांगून टाकलं.

चौदा हीट्स झाल्या तेव्हा एसेस ४४-४० ने पुढे होते. शेवटच्या हीटमध्ये पाहुण्यांनी पहिला-दुसरा क्रमांक काढला असता तर बरोबरी. स्वारांपुढे ताणलेली सुरुवातीची टेप वर उडाली, पांढरा सुटला तो सुटलाच. त्याच्यामागे पिवळा. मिथेनॉलचा गोडसर जळका वास नाकात आणि माती थेट कुंपणापर्यंत. दुसऱ्या फेरीत लाल आतून घुसला आणि पिवळ्याला बाहेर ढकललं. तेवढ्या फटीतून निळाही गेला. पुढच्या दोन फेऱ्या ते दोघं पिवळ्याला वाट देतायत कसली! पांढरा पहिला आला तरी हीट ३-३, सामना ४७-४३. आजोबांनी आकडे लिहिले, बेरीज केली, पुन्हा तपासली आणि माझ्या कोऱ्या पत्रिकेतही स्वतःच्या पेनने भरून दिले.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हंगाम साधारण वसंत ते ऑक्टोबर असतो आणि मी गेले तो सामना सोमवारी संध्याकाळी होता, पण वेळापत्रक आधी बघून घ्या. पाऊस पडला तर सामना रद्दही होतो. उभं राहायचं तर पहिल्या वळणाशी राहा, कारण सुटल्यानंतरची सगळी धुमश्चक्री तिथेच होते. डोळ्यांना गॉगल लावा, पांढरे कपडे घालू नका. आणि सामन्याच्या आधी तास-दोन तास काढून कर्कमनशुल्म लेनपासून हाइड रोडपर्यंत चालून या, म्हणजे क्रेव्हन, मॉगर, कॉलिन्स ही नावं स्टेडियममध्ये ऐकताना ती कुठल्या मातीवरची आहेत ते कळेल.