सुताराच्या हातचा कातळ: भाजे आणि कार्ले एका दिवसात

डिसेंबरातल्या एका बुधवारी आईला घेऊन दोन्ही लेणी पाहिली. आईला कार्ल्याच्या एकवीरेची ओटी भरायची होती, मला चैत्य, म्हणजे कातळात कोरलेली बौद्ध प्रार्थनागृहं, पाहायचे होते. आधी भाजे, मग कार्ले हा क्रम मुद्दाम ठेवला. तुम्हीही तसाच ठेवा. भाजे पाहिलं की कार्ले वाचता येतं.

पुण्याहून सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. तिथून भाजे गाव चालत गाठता येतं. चैत्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. आत शिरल्यावर आई म्हणाली, "अरे, खांब कललेत का रे?" कललेलेच आहेत, आतल्या बाजूला. लाकडी घरात छताचा रेटा पेलायला खांब असे तिरके रोवत. अखंड कातळात त्याची काहीच गरज नाही, तरी कोरणाऱ्यांनी तो कल जसाच्या तसा ठेवला. दर्शनी भागातल्या खोबणी जरूर पाहा. तिथे खरं लाकूडकाम बसवलेलं होतं. ते गेलं, म्हणून हा चैत्य आज समोरून सताड उघडा दिसतो. स्तूपावर मूर्ती नाही, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. स्तूप हीच त्यांची खूण. थोडं पुढे चौदा लहान स्तूप दाटीने उभे आहेत, दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ. तिथे मी बराच वेळ बसलो.

मळवलीला परत येऊन रिक्षाने कार्ल्याच्या पायथ्याशी गेलो. पायऱ्या पुष्कळ आहेत, वयस्कर माणसांनी थांबत थांबत चढावं. रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा. देवीच्या गर्दीत लेणं निवांत पाहता येत नाही.

कार्ल्याचे खांब सरळ उभे आहेत. दोन शतकांत कातळाने स्वतःची भाषा कमावली. खांबाच्या तळाशी पूर्णघट, म्हणजे भरलेला कलश, वर उलटं कमळ, त्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. एकूण खांब 37, पण स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी आहेत, ना घट ना शिल्प. मला वाटतं, तिथे नजर फक्त स्तूपावर राहावी अशीच योजना असावी. छताच्या कमानी मात्र खऱ्या सागवानाच्या आहेत आणि स्तूपावरचं छत्रही लाकडीच. दुर्बीण न्या, तिच्याशिवाय खांबांवरचे चेहरे नीट दिसत नाहीत. दर्शनी भिंतीवरची मोठी जोडपी मूळची, बुद्धमूर्ती नंतरच्या काळातली भर. हा फरक माहीत नसेल तर भिंत गोंधळात टाकते.

व्हरांड्यातला ब्राह्मी लेख सांगतो की वैजयंती नगराच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे 'सेलघर' पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम. सेलघर म्हणजे शैलगृह, दगडाचं घर. माझा जीव मात्र दाराजवळच्या लेखात अडकला. धेनुकाकटच्या सामी नावाच्या 'वढकी'ने, म्हणजे सुताराने, या घराचं मुख केलं असं त्यात लिहिलंय. आईला वाचून दाखवलं. तिने दाराच्या कडेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून कार्ले दुपारनंतरच ठेवा. उन्हं कलली की कमानीच्या गवाक्षातून उजेड आत उतरतो. आम्ही चारच्या सुमारास होतो, तेव्हा तो थेट स्तूपावर आला होता.