ताकासारखं पाणी

"आता थाप, जोरात," भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. मी तळवा वाटीसारखा करून त्याच्या डाव्या बरगड्यांवर थापायला लागले.

मी फिजिओथेरपिस्ट, परळच्या एका आयसीयूत. कफाने भरलेल्या छात्या रोजच्याच, पण फुफ्फुस आतून धुताना हात लावायची ही पहिलीच वेळ.

माणूस मानखुर्दचा, वय 38, लाद्या कापणारा. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, तरी एका दवाखान्याने 6 महिने टीबीची औषधं दिली. दम वाढतच गेला. याचा मला अजून राग येतो. सीटी स्कॅनमध्ये फुटक्या लाद्या जुळवून बसवाव्यात तशी नक्षी दिसत होती, आणि दुर्बिणीतून काढलेलं दुधट पाणी तपासल्यावर निदान पक्कं झालं : पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटीनोसिस. वायुकोश मिटू नयेत म्हणून शरीर आत एक स्निग्ध पदार्थ तयार करतं. जुना झालेला काढून टाकणाऱ्या पेशींचं काम थांबलं की तो साचत जातो. दगडाच्या धुळीनेही हे होतं.

धुताना एक फुफ्फुस श्वासासाठी बंद, सगळा भार दुसऱ्यावर. याचं दुसरंही भरलेलंच. म्हणून आधी एक्मो लावलं, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र. मांडीच्या शिरेतून काळपट रक्त बाहेर यायचं आणि यंत्रातून लालभडक होऊन मानेतल्या शिरेत परत जायचं. त्या दोन नळ्यांच्या रंगांवरून माझी नजर हटेना.

मग 37 अंशांचं सलाइन डाव्या फुफ्फुसात सोडलं, एका वेळी साधारण लिटरभर. नळीवरचा चिमटा सोडला की पाणी बाटलीत उतरायचं. पहिली बाटली घट्ट ताकासारखी होती, थोड्या वेळाने तळाशी साका बसला. पाचव्या खेपेला पाणी जरा निवळलं म्हणून मी हात थांबवला, तर पुढची बाटली आणखी स्वच्छ आली. मॅडम म्हणाल्या, "थांबू नकोस, खालचं अजून सुटलेलं नाही." पुन्हा थापायला घेतलं, आणि पुढची बाटली परत गढूळ! खांदे भरून आले होते, पण त्या गढूळ बाटलीचा इतका आनंद झाला. चौदाव्या बाटलीतून पलीकडचं घड्याळ दिसलं, तेव्हा थांबलो. उजवं फुफ्फुस नंतर धुवायचं ठरलं.

बाहेर त्याची बायको उभी होती. मोबाइलवर ओळीने मांडलेल्या बाटल्यांचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे टीबी नव्हताच ना, ताई?"

"नव्हता."

"मग त्यांचं ताट वेगळं ठेवायला नको?"

"नको," म्हटलं. ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.