गोळपच्या सड्यावरची दुपार

रत्नागिरीहून पावसला निघालेल्या आमच्या दिंडीने भाट्याचा पूल पहाटे ओलांडला. फणसोप आणि कोळंबे टाळांच्या ठेक्यात मागे पडले. लक्षात राहिला तो गोळपचा सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार. मार्गशीर्षातही भर दुपारी तिथला कातळ चपलेतून भाजतो. माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटायच्या बेतात असताना शेजारून चालणारे एक सेवानिवृत्त काका मला समजावत होते की, दृश्य जग मिथ्या, म्हणून वेदनाही मिथ्याच. त्यांच्या पायांत जाड तळव्यांचे बूट होते, हे मुद्दाम नोंदवते.

ज्ञानदेवांनी जगाला असे झटकून टाकलेले नाही. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचेच खंडन करतात, आणि अज्ञानच उरले नाही तर त्यातून उपजणारा खोटा पसारा तरी कुठून आणायचा? दिसते ते चैतन्याचाच विलास आहे. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राच्या उत्तरादाखल लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटीही त्या एकातच मावते. हे काकांना ऐकवायचे होते, पण मला धाप लागली होती.

सड्याच्या कडेला एका चिरेबंदी घराच्या पडवीत एका आजींनी मला हाताला धरून बसवले. “पाय दाखव गो बाय,” एवढेच म्हणून त्यांनी टाच धुतली, सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली, खोबरेलात भिजवलेला दोरा तीत ओवून फोडाच्या आरपार काढला आणि पाणी आपसूक झिरपावे म्हणून दोन्ही टोके बाहेर ठेवून कापला. मी डोळे मिटून घेतले होते. ठणका होता, खरखरीत बोटे होती, कातळाची धग होती; पण धग कुठे संपते आणि टाच कुठे सुरू होते, ती रेघ शोधूनही सापडेना. दुखणे तसूभरही कमी झाले नव्हते, फक्त ते जिला होते आहे अशी वेगळी मी हाती लागत नव्हती. मग कोकम सरबताचा पेला हातात आला, साखर कमी आहे अशी तक्रार मनात उमटली, आणि मी होते तिथे परत आले.

१९०३ साली पावस गावातच जन्मलेल्या आणि १९७४ साली तिथेच देह ठेवलेल्या स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे डोके टेकवायला जेमतेम क्षण मिळाला. महाप्रसादाच्या रांगेत काका नेमके माझ्यापुढे होते आणि मागे वळून त्रिपुटीवर बोलू लागले. “काका, पुढे सरका,” मी म्हटले, “मागे माणसे उपाशी उभी आहेत.”